लातूर, किल्लारी, देगलूर : दगडात लहर कुठल्या दिशेनं पळते ते बघायला

शुक्रवार, लातूर ते किल्लारी

माझं काम लातुरात बिल्डिंगांचं ऑडिट करायचं, म्हणजे जुन्या कॉलमला दोन्ही बाजूंनी सेन्सर लावायचे, एकीकडून आवाजाचा ठोका सोडायचा आणि तो पलीकडं किती मायक्रोसेकंदात पोचला ते मशीनवर वाचायचं, काँक्रीट एकदम उत्तम असेल तर वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर जातो, आत पोकळ्या-भेगा असतील तर पार खाली येतो. दादा नांदेडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. तो किती दिवस झाले मागं लागला होता की तुझी मशीन घेऊन देगलूरकडं जाऊ, तिथं आपल्या मराठवाड्याच्या तळातला दगड उघडा पडलाय, त्याच्यातून आडवा ठोका आणि उभा ठोका वेगळा पळतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या नुकतीच झालेली, शेतातली कामं जरा निवांत होती, बाबांनी गाडी दिली आणि आईनं धपाटे, शेंगाची चटणी बांधून दिली. निघालो.

औशाच्या पुढं दोन्ही बाजूंना काळी रानं, हरभरा आणि ज्वारी जोरात. ही काळी माती ज्या दगडाची झाली तो बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आपल्याला वाटतं मराठवाडा म्हणजे हाच काळा दगड, वर पण तोच आणि खाली पण तोच. पण तसं नाहीये, आणि ते कळण्यासाठी किल्लारीसारखी दुसरी जागा नाही.

किल्लारीबद्दल मी काय वेगळं लिहू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. मॅग्निट्यूड ६.२. सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली. आमच्या घरात त्या रात्रीची गोष्ट दरवर्षी निघते आणि दरवर्षी सगळे गप्प होतात. मी आज जे काम करते ते त्याच्यामुळंच करते असं म्हटलं तरी चालेल.

स्मारकापाशी थोडा वेळ बसलो. मग चहाच्या टपरीवर एक काका भेटले, त्या वेळी तरणेताठे होते, ते म्हणाले, "आधी खालून आवाज आला बघा, गडगड असा, आन मग हालायला सुरू झालं." दादानं माझ्याकडं बघितलं. भूकंपाच्या दोन मुख्य लहरी असतात, पहिली पी, ती दगडाला पुढं-मागं दाबत येते, सगळ्यात वेगवान, जमिनीपाशी आली की हवेत तिचाच आवाज होऊ शकतो. मागून येते ती एस, दगडाला आडवं हलवणारी, जास्त हानी तिची. काकांनी जे सांगितलं ते अगदी ह्याच क्रमानं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला खोल बोअर घेतलं, ६१७ मीटरचं. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याच्याखाली थोडासा गाळाचा थर, आणि मग शेवटपर्यंत एकदम वेगळा दगड, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा, एके काळी जमिनीच्या खूप खोल पोटात भाजून-दाबून बदललेला रूपांतरित खडक, अँफिबोलाइट ते ग्रॅन्युलाइट दर्जाचा, म्हणजे भाजण्या-दाबण्याच्या वरच्या पायऱ्यांवरचा. त्याची सरासरी घनता पाण्याच्या २.८२ पट आणि पी लहरीचा वेग सेकंदाला साधारण ६.२ किलोमीटर निघाला. म्हणजे बघा, ज्या काळ्या दगडाला आपण आपला समजतो तो इथं अर्धा किलोमीटरसुद्धा जाड नाही, आणि तो भूकंप झाला तो त्याच्या कितीतरी खाली, ह्या जुन्या दगडात.

रात्री मुक्काम निलंग्याला. दादा जेवताना एवढंच म्हणाला, "अगं, ६.२ ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे कुठल्या दिशेची, हा प्रश्न उरतोच की."

शनिवार, निलंगा ते देगलूर

सकाळी चौकात निलंगा राईस खाल्ला, गरम गरम, वरून चटणी, तो खाल्ल्याशिवाय निलंगा सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मग उदगीर. किल्ला लांबूनच बघितला, १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच हरवलं होतं, पण आमचं लक्ष आज रस्त्याच्या कडेच्या मातीवर. उदगीरच्या पठारावर तांबडा जांभा दिसतो, सडक्यासारखा भोकाभोकांचा, तो बेसाल्टच झिजून झिजून झालेला.

उदगीर सोडून देगलूरकडं निघालं की रस्ता उतरायला लागतो आणि इथं दादा गाडी हळू चालवायला सांगतो. काळी माती विरळ होत जाते, मग कुठंतरी ती संपतेच, आणि रेतीसारखी भुरकट-तांबूस माती सुरू होते, अधूनमधून रानात गोल गोल मोठे धोंडे. बेसाल्टच्या थरांची कड इथं संपली. किल्लारीत ज्याच्यासाठी ३३८ मीटर खाली जावं लागलं तसला जुना पाया इथं शेतकऱ्याच्या बांधावर पडलाय. तोच दगड असं मी म्हणत नाही, जागा वेगळी आहे, जात थोडी वेगळी असणार, पण त्याच घराण्यातला. दक्षिणेला कर्नाटक-तेलंगणात पसरलेला तो सगळा जुना भूखंड इथून काळ्या दगडाखाली शिरतो. मी गाडीतून उतरून त्या धोंड्यावर हात ठेवला तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

संध्याकाळी लॉजवर दादानं वहीत चित्र काढून समजावलं, आणि मला वाटतं हा भाग नीट लिहिला पाहिजे कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे.

खनिजाच्या स्फटिकात अणूंची रचना सगळ्या बाजूंनी सारखी नसते. काळ्या अभ्रकाचं म्हणजे बायोटाइटचं उदाहरण घ्या. त्याच्या पापुद्र्यांमध्ये अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एका पापुद्र्याची दुसऱ्याशी पकड ढिली. म्हणून पापुद्र्याच्या लांबीनं पी लहर सेकंदाला जवळपास ८ किलोमीटरनं जाते आणि पापुद्रे ओलांडून जायचं म्हटलं तर ४ च्या थोडंसंच वर. एकाच खनिजात जवळजवळ दुप्पट फरक! हॉर्नब्लेंड म्हणून काळसर, काड्यांसारखं खनिज असतं, त्याच्यात एवढा नाही, तरी लांब अक्षावर ८ च्या जवळ आणि सगळ्यात संथ दिशेला ६ च्या आसपास.

आता हे स्फटिक दगडात कसेही पडलेले असतील तर सगळ्या दिशा एकमेकींत मिसळून जातात आणि दगड एकूण सगळीकडं सारखाच वागतो. ग्रॅनाइट बऱ्यापैकी तसा. पण दगड खोलवर तापलेला असताना एका बाजूनं दाबला गेला, ताणला गेला की अभ्रकाचे पापुद्रे दाबाला आडवे होऊन एकावर एक पसरतात, हॉर्नब्लेंडच्या काड्या ताणाच्या दिशेनं लांब पडतात. कडब्याच्या पेंढीसारखं समजा, पेंढीच्या टोकाला ठोकलं तर ते ताटाच्या लांबीनं सरळ पलीकडं पोचतं, कुशीत ठोकलं तर एका ताटातून दुसऱ्यात जाताना मध्येच बसून जातं. दगडातल्या ह्या पसरलेल्या पट्ट्यांना फोलिएशन म्हणतात आणि पट्टीवरच्या लांबट रेषांना लिनिएशन. आणि दिशेप्रमाणं वेग बदलणं म्हणजे अॅनिसोट्रॉपी. मोजायची पद्धत सोपी, सगळ्यात जास्त वेगातून सगळ्यात कमी वजा करा, सरासरीनं भागा, टक्के काढा. अभ्रक भरपूर असलेल्या शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या दगडात हा आकडा १५ टक्क्यांच्या वरसुद्धा जातो, आणि क्वार्ट्ज-फेल्डस्पार ही पांढरट खनिजं जसजशी वाढतात तसा तो पातळ होत जातो.

रविवार, देगलूरच्या खाणी

ह्या दिवसासाठीच आलो होतो. रविवार म्हणून क्रशर बंद, खाणीत शांतता, माझ्या मशीनला ते बरंच, आणि खाणमालकांनी आधीच फोनवर हो म्हटलेलं. एक म्हातारे पाथरवट मामा तेवढे तिथं होते, घडीव दगडाचं काम करत बसलेले.

आधी गुलाबी ग्रॅनाइटचा ठोकळा घेतला. कडा ग्राइंडरनं सपाट केल्या, जेल लावलं, दोन्हीकडं सेन्सर दाबून धरले. ३०० मिलिमीटर जाडीला ६० मायक्रोसेकंद लागले की वेग झाला सेकंदाला ५ किलोमीटर, असा सरळ हिशोब. तिन्ही बाजूंनी मोजलं तर थोडासा फरक, पण सगळे आकडे एकमेकांच्या जवळ. दादा म्हणाला हेच पाहिजे होतं, आता बदललेल्या दगडाकडं चल.

खाणीच्या एका अंगाला नाइस नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित दगड आहे, पांढरट पट्टी, मग काळी अभ्रकाची, मग परत पांढरट, आणि मधूनच अँफिबोलाइटची, म्हणजे हॉर्नब्लेंड भरलेल्या दगडाची काळी शीर. त्याचा ठोकळा निवडताना मामा जवळ आले. "काय ऐकायलाव ताई दगडात?" मी सांगितलं की दगडातून आवाज किती पळतो ते. मामांनी छिन्नी पट्टीच्या कडेला टेकवली. "ह्या अंगानं मारलं तर फळी निघती. त्या अंगानं मारलं तर नुसता चुरा." आणि खरंच दोन-तीन ठोक्यांत त्यांनी सपाट फळी सोडवून दाखवली. मामांना पट्टी कुठं चाललीय ते लांबून नजरेनं कळतं, आम्ही होकायंत्र लावून ज्या दिशा वहीत टिपल्या त्या त्यांनी आधीच हातानं दाखवल्या होत्या.

मोजायच्या तीन दिशा ठरलेल्या. पट्टीच्या आत लिनिएशनच्या लांबीनं, पट्टीच्या आतच पण लिनिएशनला आडवी, आणि पट्टी ओलांडून. जगभरात ह्याच तीन दिशांना गाभे, म्हणजे दगडाचे गोल दांडके, कापतात. पहिल्या दोन दिशांना ठोका भरभर पोचला, तिसऱ्या दिशेला मायक्रोसेकंद वाढले ते वाढलेच, मी सेन्सर काढून परत जेल लावून परत मोजलं, बाजू बदलून मोजलं, दुसऱ्या ठोकळ्यावर मोजलं. प्रत्येक वेळी पट्टी ओलांडायला ठोक्याला जास्त वेळ. काँक्रीटवर हजार वेळा हे मशीन धरलंय मी, पण काँक्रीट दिशा ओळखत नाही. हा दगड ओळखतो. मला त्या क्षणी जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी कुणीकडून दाब आला होता ते माझ्या स्क्रीनवर मायक्रोसेकंदात दिसत होतं.

पण दादानं लगेच मोठा प्रश्न टाकला, आणि तो टाकायलाच पाहिजे. हा फरक खनिजांचा की भेगांचा? खाणीतला दगड सुरुंगानं हादरलेला, वरचा दाब निघून गेल्यामुळं सैल झालेला, आणि बारीक भेगा पडतात त्यासुद्धा बहुतेक पट्टीच्या बाजूनंच. भेग ओलांडताना लहर मंदावते, म्हणजे उथळावर अॅनिसोट्रॉपी आहे त्यापेक्षा मोठी दिसणार. आम्ही खाणीच्या डबक्यात पडून असलेला एक ओला ठोकळा पण मोजला, त्यात पट्टी ओलांडायचा वेग कोरड्यापेक्षा चांगला आला, कारण भेगेत हवेच्या जागी पाणी आलं की पी लहरीला पूल मिळतो. म्हणजे भेगांचा हात आहे, हे नक्की.

मग खरं उत्तर कसं मिळतं? प्रयोगशाळेत दगडाचा गाभा पातळ तांब्याच्या पत्र्यात गुंडाळतात, तेलात बुडवून चहूबाजूंनी दाब देतात आणि दाब वाढवत वाढवत वेग मोजतात. हार्वर्डच्या फ्रान्सिस बर्च यांनी १९६० च्या सुमारास असे वेग १० किलोबारपर्यंत मोजून ठेवले, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर खोलीवर असतो तेवढा दाब, आणि १९६५ मध्ये निकोलस क्रिस्टेन्सन यांनी खास रूपांतरित खडकांवर तेच काम केलं. सुरुवातीला दाबाबरोबर वेग झपाट्यानं चढतो कारण भेगा मिटत असतात, मग साधारण २ किलोबारच्या पुढं रेघ जवळपास सरळ होते, भेगा संपल्या, आता जो फरक उरला तो निव्वळ खनिजांच्या रचनेचा. २ किलोबार म्हणजे सुमारे ७ किलोमीटर खोली. किल्लारीसारखे उथळ भूकंप साधारण ह्याच टापूत होतात! म्हणजे तिथं दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या, खनिजांची रचना तर आहेच, आणि खोलवरचं पाणी दाबाखाली असेल तर भेगासुद्धा मिटायला नकार देतात.

दुपारी होट्टलला जाऊन आलो, सिद्धेश्वराचं चालुक्यांच्या काळातलं देऊळ, भिंतीवरच्या सुरसुंदरी बघण्यासारख्या आहेत, ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी मुद्दाम जावं. सावलीत बसून धपाटे संपवले.

तिथंच दादानं एस लहरीचं सांगितलं, आणि माझ्या मते सगळ्या विषयात हीच सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. एस लहर दगडाला आडवं हलवते. ती जर पट्ट्यांच्या लांबीनं चालली असेल तर तिच्या हलण्याचे दोन भाग पडतात, एक पट्टीच्या पातळीत हलणारा, एक पट्टीला काटकोनात हलणारा. पहिला भाग पुढं निघतो, दुसरा मागं पडतो. एक लहर शिरली आणि दोन बाहेर आल्या. भूकंपमापक तीन दिशांची हालचाल टिपतो, त्यातल्या दोन आडव्या नोंदी फिरवून बघितल्या की दोन्ही वेगळ्या दिसतात, मधलं अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं, कधी कमी कधी जास्त. आणि लहर पट्ट्यांना सरळ काटकोनात ओलांडून आली तर असं फाटणं जवळजवळ नाहीच. म्हणजे जमीन न खोदता, वर बसून, खालच्या दगडाचे पट्टे कुठल्या बाजूला झुकलेत ते हुडकता येतं. जर्मनीत बव्हेरियात केटीबी नावाचं ९१०१ मीटरचं बोअर आहे, १९९४ ला तिथलं खोदकाम थांबलं, त्यात चांगले उभे झुकलेले नाइसचे आणि अँफिबोलाइटचे थर लागले, आणि असलं दिशेप्रमाणं बदलणारं वागणं तिथं नुसतं टेबलावरच्या दगडात नाही तर जागेवर जमिनीत मोजलं गेलं.

सोमवार, नांदेड

देगलूरहून नरसीमार्गे नांदेड. रस्ता परत काळ्या मातीत शिरला. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ट्रक फार.

दादाच्या कॉलेजात त्यानं आधीच्या सहलीत आणलेल्या नाइसचा पातळ काप काचेवर चिकटवून ठेवलेला होता, तो मायक्रोस्कोपखाली लावला. अभ्रकाचे तपकिरी तुकडे सगळे एका बाजूला माना करून पडलेले. चकती फिरवली की सगळे बरोबरच गडद होतात आणि बरोबरच उजळतात. रविवारी मशीननं जे सांगितलं ते इथं डोळ्यांना दिसलं.

मग खूप वेळ हिंगोलीच्या धक्क्यांवर बोललो. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ चा, परत १० जुलैला ४.५ चा, दोन्ही वेळेला नांदेड-परभणीत लोक घराबाहेर आले. असल्या धक्क्यांचं नेमकं ठिकाण काढायचं तर भूकंपमापक स्टेशनांवर लहर कधी पोचली त्यावरून उलटा हिशोब करतात, आणि त्या हिशोबात साधारणपणे प्रत्येक थराला एकच वेग धरतात, कुठल्याही दिशेला तोच. आता समजा लहर २० किलोमीटर चालून आली आणि त्या दिशेचा खरा वेग धरलेल्या वेगापेक्षा ५ टक्के वेगळा आहे. झाला की १ किलोमीटरचा फरक. मोठ्या लांबच्या भूकंपाला १ किलोमीटर काहीच नाही. पण एखाद्या गावाखाली बारके धक्के बसत राहिले आणि ते जमिनीतल्या कुठल्या फटीवर होतायत, फट कुठं झुकलीय, त्या बाजूला अजून कुठली गावं आहेत, हे ठरवायचं असेल तर १ किलोमीटर म्हणजे एक गाव सोडून दुसरं गाव होतं. मला हे फार लागतं. स्टेशनं वाढवणं गरजेचं आहेच, पण स्टेशनांच्या खालचा दगड कुठल्या दिशेनं किती पळवतो हे मोजल्याशिवाय नुसती स्टेशनं पुरणार नाहीत असं माझं ठाम मत झालंय.

दादानं इथं एक सावधगिरी सांगितली ती पण लिहिते. माझ्या मशीनचा ठोका ५४ किलोहर्ट्झचा, म्हणजे दगडात त्याची एक लाट साधारण ९ सेंटिमीटर लांब. भूकंपाची लाट सेकंदाला एकदा ते दहादा हलणारी धरली तर ६०० मीटर ते ६ किलोमीटर लांब. ती एका ठोकळ्याला नाही, अख्ख्या डोंगराएवढ्या तुकड्याला एकदम ओळखते. तेवढ्या तुकड्यात पट्टे घड्या पडून इकडं तिकडं वळले असतील तर दिशा एकमेकींना खोडतात आणि हातातल्या दगडात १० टक्के निघालेला फरक जमिनीत अगदी कमी होऊन बसतो. पट्टे मैलोनमैल एकाच बाजूला झुकले असतील तरच तो टिकतो. म्हणून ठोकळे मोजणं निम्मं काम, उरलेलं निम्मं पायी फिरून, प्रत्येक उघड्या दगडावर होकायंत्र लावून पट्ट्यांची दिशा आणि झुकाव नकाशावर उतरवणं. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट, एवढा पट्टा फिरायचा आहे. कॉलेजातली पोरं तयार आहेत असं दादा म्हणतो. मी सुट्ट्यांचं बघते.

त्या भागातल्या लोकांसाठी एक विनंती. तुमच्याकडं विहीर खोदताना किंवा खाणीत पट्ट्यांचा, अभ्रक चमकणारा दगड लागला आणि त्यातला तुकडा कुणा अभ्यासाला द्यावासा वाटला, तर तो जागेवरून हलवायच्या आधी त्याच्यावर ऑइलपेंटनं उत्तरेकडं एक बाण आणि वरच्या बाजूला एक बाण काढा, मोबाईलवर होकायंत्रासकट फोटो घ्या आणि किती फुटांवर लागला ते लिहून ठेवा. बाण नसलेला दगड प्रयोगशाळेत वेग सांगेल, पण तो वेग जमिनीत कुठल्या दिशेचा होता ते कुणालाच सांगता येणार नाही.